आईचा नळावरचा नंबर

नंबर हा शब्द इंग्रजांचा, हे मला कुणी सांगू नका. मुंबईत आमच्या घोडपदेवच्या चाळीत चष्म्याला नंबर, खोलीला नंबर, शाळेत पहिला नंबर काढायचा आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नळावर नंबर लावायचा. रांगेत हंडा ठेवला की झाला आपला नंबर. पण मालकीण वेळेवर आली नाही, तर शेजारची ताराक्का तो हंडा उचलून सरळ शेवटी नेऊन ठेवायची. त्यावरून तिची आणि आईची रोज जुंपायची.

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात आईला अटक झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर गेले, तर आमचा हंडा सगळ्यांच्या पुढे! ताराक्काने तो आमच्या दारातून स्वतः आणला होता. चाळीत नवीन आलेली एक बाई तो बाजूला सारायला लागली. "मालकीण नाही, तर नंबर कसला?"

ताराक्का कडाडली, "मालकीण संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात हाय. हात तर लावून बघ!"

बारा दिवस आमचा हंडा पहिला भरला. आई सुटून आली, नळावर गेली आणि बघतच राहिली. "अगं, माझा नंबर तर चौथा असतो."

"तुरुंगात जायला चाळीतून पहिली तू निघालीस. मग तुझा हंडा चौथा कसा ठेवू?"

आईचे डोळे भरून आले. तेवढ्यात ताराक्काने हंडा उचलून तिच्या हातात दिला.

"आता आलीस ना? चल, हो चौथी."