ऱ्हस्व लिव्ह, दीर्घ लीव्ह

नाही, असं नाही — परत म्हणा. लीऽव्ह. ओढा जरा, हसल्यासारखं तोंड करा, दात दिसले तरी चालतील, इथं कोण बघतंय. हं, जमलं. आता आखूड — लिव्ह. बघा, परत तेच! दोन्ही एकच म्हणताय. तुमचा दोष नाही हो, आपण सगळेच तसं म्हणतो, दिन आणि दीन लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ सांभाळायचं, बोलताना सगळं सारखंच. पण इथं आखूड म्हणजे जगणं आणि लांब म्हणजे निघून जाणं. काय म्हणालात? हो, बाकीच्या क्लासमध्ये पहिल्या पानावर वेगळं असतं, माझ्याकडे हेच असतं. असते एकेकाची पद्धत. तुमचा दुकानातला इंटरव्ह्यू सोमवारी ना? मग चला, पुढची जोडी घेऊ — शिप, शीप —

का म्हणजे? कारण काय असायचंय — चिवट दिसता तुम्ही. बरं, ऐका, फार काही नाही त्यात. आमचे बाबा आजारी होते, आठ वर्षं झाली त्याला. छातीत पाणी झालं होतं, म्हणून दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं, आणि तिथल्या डॉक्टरला आपली भाषा येईना. दादा नोकरीच्या गावी, आईला सहीपुरतं लिहिता येतं, मग राहिलं कोण? मी. शाळेत इंग्रजीत पहिली यायचे मी. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय! पण बाबा शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला मिरवून सांगायचे, आमची मुलगी डॉक्टरशी फाडफाड बोलते. त्या दिवशी सकाळपासून ते दाराकडे बोट दाखवत होते — दार लावा, वारं लागतंय, एवढंच त्यांचं म्हणणं — नाकात नळी, धड बोलता येत नव्हतं, आणि नर्सला वाटलं, यांना घरी जायचंय. डॉक्टर आला. मला विचारतो, डझ ही वॉन्ट टू लीव्ह? मला काय ऐकू आलं असेल, सांगा? मला ऐकू आलं, यांना जगायचंय का? असा राग आला मला त्याचा! हा काय प्रश्न झाला! मी म्हटलं, येस, येस, व्हेरी मच. तो म्हणाला, आर यू शुअर? आणि मी — अहो, मी हात जोडले त्याला. प्लीज म्हटलं.

मग कागद आला सहीला. वर लिहिलेलं, अगेन्स्ट मेडिकल अ‍ॅडव्हाइस. अगेन्स्ट मला येत होतं ना — शाळेच्या पुस्तकात चित्र होतं, शिडी अगेन्स्ट द वॉल, भिंतीला टेकून ठेवलेली. म्हटलं, सल्ल्याला टेकून, म्हणजे डॉक्टरच्या सल्ल्याप्रमाणे. विरुद्ध असाही अर्थ असतो हे कुठं ठाऊक! केली सही, चांगली वळणदार. नळ्या काढल्या, गाडी बोलावली, मला वाटलं, सोडतायत म्हणजे धोका टळला. आनंदानं सामान बांधलं मी. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी गेले. दहा दिवसांनी तो कागद काढला, शेजारी डिक्शनरी घेतली आणि एकेक शब्द बघितला. तेव्हा कळलं.

नाही, कुणाला नाही सांगितलं. आईला तर नाहीच. तिनं आपला वेगळाच अर्थ लावला होता. बाबांना घरी आणायच्या आदल्या दिवशी दादाचा फोन आला होता तिला, रजा मिळत नाहीये, अजून किती दिवस ठेवणार त्यांना तिथं? झालं, ते तिच्या मनात बसलं. बाबा गेल्यावर तो आला, तेराव्यानंतर मृत्यूच्या दाखल्यासाठी हॉस्पिटलातून फाइल घेऊन आला, आणि त्याच संध्याकाळी ती त्याला तोंडावर म्हणाली, तूच डॉक्टरला सांगून घरी आणवलंस, तू मारलंस बापाला. त्यानं तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. मग मिटलं. मला वाटलं, मी त्याची बाजू घ्यावी म्हणून बघतोय. आणि मी मिठाची गुळणी धरून बसले. आज सांगेन, उद्या सांगेन — तो यायचाच बंद झाला, आणि मी क्लास काढला. लोकांच्या चुका दुरुस्त करते!

काल आईनं मला त्याला फोन लावायला लावला. स्पीकरवर, मीच धरून उभी. ती म्हणाली, ये बाबा आता, मी तुला माफ केलं. माफ! त्याला! आणि तो काय म्हणाला ठाऊक आहे? चुकलं माझं, आई. त्या कागदावर मी सही करायला नको होती.

सही म्हणाला तो. कळतंय का तुम्हाला? सहीचं आईला कुणीच कधी सांगितलं नव्हतं, ते मला ठाऊक आणि त्या फाइलला. म्हणजे त्यानं वाचलंय. माझं नाव वाचलं त्यानं, आठ वर्षांपूर्वीच, आणि शिव्या स्वतः खाल्ल्या. माझ्यासाठी. आणि मी त्याला साधा वाढदिवसाचा फोनसुद्धा करत नव्हते हो, तोंड दाखवायची लाज वाटायची म्हणून. उद्या येतोय. आई गच्चीवर त्याच्यासाठी गाद्या उन्हात घालतेय.

सांगून टाका म्हणताय! सोपं आहे का ते? एवढी वर्षं लोकांना बोलायला शिकवतेय, आणि मला माझ्या भाषेत एक वाक्य जुळवता येत नाहीये. रात्रभर जुळवलं. ‘आई, ती सही’ — पुढे नाही येत.

ती उतरतेय बहुतेक. उठा तुम्ही. नाही, आज नाही जमायचं मला, सोमवारच्या आधी कधीतरी या. अहो, जा म्हटलं ना!

— काय गं आई? कुणी नाही, क्लासच्या एक बाई होत्या, निघाल्या. रडतेय कुठं, डोळ्यात खडू गेला. दे ती उशी इकडे, मी अभ्रा घालते.