लाईट येईपर्यंत

अभिनंदन : नाही काका, 'सासू रुसली' हे रचनेचं नाव कसं असेल? फॉर्मवर स्पष्ट छापलंय, रचनेचे नाव.

पितांबर : मंग तेच तं लिखं भाऊ. आम्हनी वहीमा त्येनं नाव तेच शे.

अभिनंदन : आणि पहिली 'बसस्टँडवरून निघताना'. आणि तिसरी 'लाईट गेली तेव्हा'. हे मी माईकवर वाचू? या तंबूबाहेर पूर्ण शहादा बसलंय, परीक्षक नाशिकहून आलेत. बँड स्पर्धेचा सेक्रेटरी मी आहे, हसं माझं होईल!

ममता : मी सांगते, अभिनंदनभाऊ. नाना रागावले ना, की त्यांची अहिराणी आणखी घट्ट होते. आमच्या कळसाडीच्या बँडात चालीला गाण्याचं नाव नसतं, प्रसंगाचं असतं. एका लग्नात विहीणबाई रुसल्या, मांडवात पाऊल टाकेनात. तेव्हा नानांनी जी चाल वाजवून त्यांना हसवलं, ती 'सासू रुसली'.

पितांबर : हसनी कोठे? दोन घास जेवनी, बस. हसानं तिले माहीतच नव्हतं.

ममता : पण ती चाल पिलू रागातली आहे. तुमच्या नियमात दुसरी रचना रागावर हवी ना? मग बसली. आणि पहिला मार्च हवा. स्टँडवरून वऱ्हाड निघतं ते मार्च नाही तर काय?

अभिनंदन : बरं, तुमच्या सूनबाई वकील व्हायला हव्या होत्या, काका. दोन मान्य. पण तिसरी? तिथे सगळ्यांनी सिनेमाची गाणी दिलीत. तुम्ही 'स्वतंत्र रचना'वर खूण केलीत आणि रचनाकाराची जागा कोरी.

पितांबर : खोडी टाक ती.

ममता : नाना!

पितांबर : खोड म्हन्तू ना. तठे पिच्चरनं कायबी लिख.

ममता : नका खोडू, भाऊ. थांबा जरा.

अभिनंदन : बघा, अक्कलकुव्याचं बँड स्टेजवर चढलंय. त्यांच्यानंतर तुम्ही. त्यांचं वाजवून होईपर्यंत ठरवा. मी येतो.

ममता : ...गया तो. आते सांगा नाना, काबर खोडानं?

पितांबर : मन्ही मरजी.

ममता : मरजी नही. कवळी.

पितांबर : तुले कोनी सांगं?

ममता : कोन सांगी? दिवाळीपाशीन आयकी ऱ्हायनी मी. तुम्ही गोठामांगे जाईसन कॉर्नेट वाजाडतस. तिसरी चालमाधला लांब सूर नऊ मात्राले तुटस, कवळीमाईन शिट्टी निंघस, आनि मंग तुम्ही म्हैसले शिव्या देतस.

पितांबर : मधमाच हंबरस ती!

ममता : ती सुरमा हंबरस, नाना. बिचारीवर काबर ढकलतस?

पितांबर : हास, हास. भायेर अकरा बँड बठेल शेतस. खेतियापाशीन नंदुरबारलगून. त्यास्नामा निम्मा पोऱ्यास्ना ओठावर कॉर्नेट मी ठेयेल शे. त्यास्नासमोर मन्हा सूर तुटना तं मी कोनले तोंड दखाडू? पिच्चरनं गानं बरं. त्यामा कोना सूर तुटना, कोना ऱ्हायना, कोनले समजत नही.

ममता : मंग तो सूर माले द्या.

पितांबर : काय?

ममता : सॅक्सोफोनवर मी धरस. धरी दखेल शे. कुंदननी मात्रा मोजेल शेतस, इचारा त्यास्ले.

पितांबर : म्हन्जे नवरा-बायको मन्हामांगे हाई करी ऱ्हायन्थात?

ममता : तुम्ही गोठामांगे, आम्ही गच्चीवर. घरमा कोन उरनं? म्हैस.

पितांबर : ...नही.

ममता : सून पुढे उभी ऱ्हायनी तं लोके काय म्हनतीन, म्हनिसन?

पितांबर : लोके गयात चुल्हामा! सॅक्सोफोनवाला धुडकूना पाय मोडना, तू त्याना जागावर उभी ऱ्हायनी, तवय लोके कमी बोलनात का? मी आयकं का कोनं? लोकेस्नं नही बेटा.

ममता : मंग?

पितांबर : तो सूर मन्हा शे. बाकी सम्दं तं वाटाई गयं. 'सासू रुसली' बी आते कोनीबी वाजाडस, मन्हं नाव बी लेत नही. हाऊ एकच मन्हापाशी ऱ्हायना. तोबी दिधा तं मी काय शे? टोपीवाला म्हातारा.

ममता : तुम्हनापाशी ऱ्हाईसन तो तुटस, नाना. रागे नका भरू. मी लगन हुईसन उनी, तवय तुम्हीन तो सूर वाजाडा. आम्हना दारशे. माहेर सुटेल, डोयामा पानी, आनि तो सूर आयकी मन्हं रडनंच थांबनं. तवयपाशीन मन्हा मनमा शे. माले तो चोराना नही, धराना शे.

पितांबर : तिखी शे तू. भलती तिखी.

ममता : तुम्हना घरनं मीठमिरची खाई ऱ्हायनी पाच वरीसपाशीन.

पितांबर : वही काढ. दख, काय लिखेल शे तठे?

ममता : 'सा, लाईट येईपर्यंत.' तेच इचारनं व्हतं. सम्दा सुरस्ले मात्रा लिखेल शेतस, ह्यालेच नही. आनि आठे तं लाईट शेच. मंग मी धरू कितला?

पितांबर : मी हात वर करसू. खाले उना का सोडी दे. तवलगून सोडानं नही.

अभिनंदन : झालं का, काका? अक्कलकुवावाले शेवटच्या गाण्यावर आलेत. ठेवायचं की खोडायचं?

पितांबर : ठेव.

अभिनंदन : रचनाकार?

पितांबर : वायरमन लिख.

अभिनंदन : काका, मस्करी नको!

पितांबर : मस्करी कसानी? तो लाईटनी दांडी पाडता नही, तं चाल कोठेन येती? शहादामाच, भर दुपारनं लगन. नवरदेवकडला सुरतहून डीजे लई येल व्हतात. मंग नवरीकडला आम्ले म्हने, तुम्ही भायेर बठा, निंबना खाले. तुम्हनी गरज नही.

अभिनंदन : मग?

पितांबर : नवरदेव घोडावर, दारशे येल. तितलामा लाईट गयी. डीजे मुका. जनरेटरमा डिझेल नही. एवढा मोठा मांडव, आनि तेरवीसारखं गपचूप. नवरी खिडकीमाईन दखी ऱ्हायन्थी, तिनं तोंड उतरी गयं. माले दखावनं नही. कॉर्नेट उचला, एक सूर लावा नि मनमा म्हनं, लाईट येस तवलगून सोडानं नही. मंग एकेक पोऱ्या निंबखालतून उठना. कोनी ढोल, कोनी बेस. लाईट उनी तं डीजे चालू करानी कोनी हिंमतच करी नही.

अभिनंदन : थांबा थांबा. कोणाचं लग्न?

पितांबर : छगनशेठनी पोरनं. किंजलबाईनं.

अभिनंदन : किंजल माझी आत्या आहे! छगनलाल माझे दादाजी. काका, मी होतो तिथे! सात वर्षांचा, घोड्याच्या बाजूला. घोडा बिथरला होता आणि सूर आला तसा कान उभे करून शांत झाला. आमची दादी, जडावबाई, अजून म्हणते, किंजल का ब्याह तो बस उसी सुर पे हुआ. मला वाटायचं, कुठल्या कॅसेटबद्दल बोलते!

पितांबर : माले माहीत व्हतं तू कोना शे.

अभिनंदन : मग सांगितलं का नाही? मी मघापासून तुमच्याशी वाद घालतोय!

पितांबर : तुम्हनाच घरना लोकेस्नी आम्ले भायेर बसाडेल व्हतं, भाऊ. ते तुम्हना तोंडवर सांगू का? आज तुम्हीनच बलायं, स्टेजवर चढाडी ऱ्हायनात. फिटनं.

अभिनंदन : ...लिहितो. रचनाकार : पितांबर मास्तर, कळसाडी. आणि नाव जसंच्या तसं वाचणार. कोण हसतं बघू. प्रमुख वादक कोण?

ममता : तेबी नाना...

पितांबर : ममता लिख. ममता कुंदन. सॅक्सोफोन.

(संध्याकाळचे पाच. तोच तंबू. निकाल नुकताच लागला आहे. बाहेर अकराही बँड एकदम वाजवताहेत.)

अभिनंदन : काका! कुठे लपलात? पहिला नंबर! आणि स्वतंत्र रचनेचा मानही तुमचाच. दुसरं कोणी त्यात उतरलंच नव्हतं म्हणून नाही हं, परीक्षकांनी माईकवर सांगितलं, वीस उतरले असते तरी हाच निकाल लागला असता. अख्खं मैदान उभं होतं!

पितांबर : दखं मी. खेतियावाला मास्तर खुर्चीवर चढेल व्हता. गेल्या साले मन्हासंगे बोले नही तो.

अभिनंदन : आणि परीक्षक विचारताहेत, त्या लांब सुरावर मात्रा किती लिहिल्यात? ते बोटावर मोजत होते म्हणे, अठ्ठावीसपर्यंत आले नि मोजायचंच विसरले.

ममता : ही वही दाखवा त्यांना. हे इथे.

अभिनंदन : 'सा, लाईट येईपर्यंत.' एवढंच? अरे वा! हे दादीला दाखवू द्या आधी. मी पळतो.

ममता : वही परत द्या भाऊ! ...गयाच. नाना, आते आपला हिशोब.

पितांबर : कसाना?

ममता : हात खाले काबर नही करा? मन्हा जीव जाई ऱ्हायन्था! छाती भरी उनी, डोयासमोर काजवा. कुंदननी ढोल वाजाडानं सोडी दिधं, मन्हाकडे दखत बसना. मी तिरप्या नजरनी दखं, तं तुम्हना हात वरच!

पितांबर : तू सोडी देती.

ममता : तुम्हीनच सांगेल ना, हात खाले येस तवलगून सोडानं नही! इसरी गयात का?

पितांबर : इसरनू नही. डोया मिटेल व्हतात मन्हा.

ममता : झोपी गयथात?

पितांबर : मी निंबना खाले व्हतू बेटा. गपचूप मांडव, आनि तो सूर. पह्यल्यांदा मी तो वाजाडी नही ऱ्हायन्थू, आयकी ऱ्हायन्थू. इतला गोड शे तो, माले माहीतच नव्हतं.

ममता : नाना, डोया पुसा. पोरे येई ऱ्हायनात खांदावर लेवाले.

पितांबर : माले नही, तुले लेतीन. जाय, पुढे हो.

ममता : जास. पन सांगा पह्यले, शेवटले हात खाले कसा उना?

पितांबर : लाईट उनी ना, बेटा.