रेशीम पाणी पीत नाही

आजच्या मेळाव्याच्या मुख्य आसनावर बसलेल्या, नारायण पेठेतल्या आम्हा सगळ्यांच्या वडीलधाऱ्या मंदाकिनीकाकू; शनिवार पेठेतून खास मेण्यातून आलेल्या पाहुण्या पद्मजावहिनी; ओट्यावर, पायऱ्यांवर आणि जागा न उरल्यामुळे तुळशीपाशी उन्हात बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो, लेकींनो, सुनांनो; आणि जिच्यासाठी आज हे चैत्रगौरीचं हळदीकुंकू एवढं मोठं केलं ती हुस्नबानू, तुम्हा सर्वांना द्वारकेचा नमस्कार.

प्रथम एक खुलासा करते. घरात आत्ता एकही पुरुष नाही. बायकांची गाणी आहेत आणि ती दोन प्रहर चालतील, एवढंच मी सांगितलं. आमच्या घरचे आपण होऊन पर्वतीला गेले. तेव्हा मोकळेपणानं बसा. डाळ आणि पन्हं माझं बोलणं संपल्यावर मिळेल, म्हणजे ऐकावं लागेलच.

हुस्नबानूला आपण सगळ्या ओळखतो, आणि खरं सांगायचं तर कोणीच ओळखत नाही. दर वर्षी मार्गशीर्ष लागला की रहीमभाई पिंजारी अंगणात बसून कापूस पिंजायचे आणि ही त्यांची बायको ओट्याखाली बसून गाद्या शिवायची. वीस वर्षं ती आमच्याकडे आली. वीस वर्षं मी तिला वरून पाणी वाढलं. आमच्या घरातलं प्रत्येक माणूस हिच्या टाक्यांवर झोपतं, पण ही स्वतः कधी ओट्यावर बसली नव्हती. आज बसली आहे. मंदाकिनीकाकू त्यावर अजून काही बोललेल्या नाहीत, आणि काकूंचं गप्प बसणं म्हणजे संमतीच असते हे पेठेला ठाऊक आहे.

परवा रहीमभाई आणि हुस्नबानू नगरला निघालेत, लेकीकडे, कायमचे. लेकीनं, बेगमनं, गाडी पाठवली आहे. रहीमभाईंचे खांदे आता पिंजायची कमान पेलत नाहीत. तेव्हा निरोपाचे चार शब्द बोलावेत म्हणून मी उभी राहिले. नुसतं गोड बोलून बसले असते, पण मग मला पुढे झोप लागली नसती, आणि ती गादी तर हिनंच शिवलेली.

विषय चार दिवसांचा आहे. अशा माना खाली घालू नका. इथे बसलेल्यांपैकी जिला ते दिवस कधी आलेच नाहीत तिनं खुशाल उठून जावं. कोणी उठत नाही, तेव्हा पुढे बोलते.

आमची सून श्यामला. ती बघा, खांबाला टेकून बसली आहे, सातवा महिना आहे म्हणून टेकायची परवानगी आहे. दोन वर्षांपूर्वी, खर्ड्याच्या मोहिमेच्या त्या थंडीत, हिला तुम्ही पाहिलं नसेल. कशी पाहणार? ती बाहेर दिसतच नव्हती. महिन्यातले चार दिवस बाजूला बसायचं, ते हिचे बारा-बारा दिवस चालायचे. चौथ्या दिवशी न्हाण झालं तरी अंगावरचं दुखणं जात नसे. जांघेत चट्टे, त्यांना पाणी सुटायचं, ताप यायचा, आणि तिच्याजवळ गेलं की वास यायचा. विसाव्या वर्षी ही पोर भिंतीला धरून चालायची. स्वयंपाकाला नाही, देवाला नाही. घरात कुजबुज सुरू झाली, मग पेठेत झाली, आणि पेठेतली कुजबुज किती हळू असते ते आपण जाणतोच.

आमचा श्रीनिवास तेव्हा फौजेबरोबर कारकून म्हणून गेला होता. तो परत येईपर्यंत काय ते ठरवून टाकावं, असं घरच्यांनी मनावर घेतलं. वाईच्या एका मुलीची पत्रिका आली. ती जुळली. चैत्रात दुसरं लग्न, आणि श्यामलेला कोकणात माहेरी पाठवायचं. उपचारासाठी म्हणून पाठवायचं, पण न्यायला कोणी जायचं नाही, हे न बोलता ठरलं होतं. त्या ठरवण्यात मी होते. पत्रिका देवासमोर मीच ठेवली होती.

अशात हुस्नबानू आली, त्या वर्षी उशिरा, पौषात. गादीचा कापूस झोडायला तिला सरळ छडी हवी होती. मी म्हटलं, जिन्याखाली लाकडांची कोठी आहे, घे बघून. ती गेली आणि बऱ्याच वेळानं परत आली. छडी नव्हतीच हातात. म्हणाली, "बाईसाहेब, लाकडांमागं ओलं रेशीम कुणी कोंबलंय?"

मी म्हटलं, "ते राहू दे तिथेच. तुझ्या कामाचं नाही."

"माझ्या कामाचं नाहीच," ती म्हणाली. "पण ते जी बांधते, ती आतल्या खोलीत कण्हते. दोन दिवस ऐकतेय मी."

आता हे रेशीम कुठून आलं ते सांगते. आमच्या घरी पूजेचे जुने रेशमी मुकटे होते, विरलेले नाहीत, कडक, पण काठाशी फाटलेले. टाकवत नव्हते. आणि आपण लहानपणापासून ऐकतो की रेशमाला विटाळ नाही. तेव्हा बाजूला बसणारीच्या अंगाशी जर रेशीमच असलं, तर घराला विटाळ तेवढा कमी, असं एका सोवळ्याच्या बाईच्या डोक्यातून निघालं. धुऊन ते दिसू नये म्हणून लाकडांच्या मागे वाळवायचं. वाळवायचं म्हणजे काय, तिथे कात्रजच्या नळासारखी ओल. चार दिवसांनीही ते दमटच असायचं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

मी हुस्नबानूला तेच ऐकवलं, रेशीम म्हणजे सोवळं.

तिनं वाद घातला नाही. तिनं आमच्या घरच्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा घेतला, मुकट्याचा कोरडा तुकडा मागितला, दोन्ही पायरीवर पसरले आणि तांब्यानं दोन्हींवर थोडं थोडं पाणी ओतलं. मुकट्यावरून पाणी पायरीवर उतरलं. धोतरावरचं कुठे गेलं ते दिसलंसुद्धा नाही.

"विटाळाचं मला कळत नाही, बाईसाहेब," ती म्हणाली. "मला कापडाचं कळतं. रेशीम पाणी पीत नाही. जे कापड पीत नाही, ते सगळं अंगावरच ठेवतं. वर दमट बांधलंत, मग अंग कुजणार नाही तर काय होणार?"

मी तेव्हा काय केलं असेल? पायरीवर बसले. माझ्या अंगणात मी पायरीवर बसलेली कोणी पाहिलेली नाही.

मग तिनं जे सांगितलं ते आज सगळ्यांसाठी सांगते, कारण हे ज्ञान परवा नगरच्या गाडीत बसून जायला नको. कापड सुती हवं आणि जुनं हवं, शंभर वेळा धुतलेलं. धोतर उत्तम, पंचा चांगला, जुनं लुगडं चालेल पण काठ आणि जर काढून. नवं कापड खळीचं असतं, ते पीत नाही आणि घासतं. रंगीत नको, पांढरं घ्या, म्हणजे स्वच्छ झालं की नाही ते लपत नाही. वीतभर लांब, चार बोटं रुंद अशी घडी, पाच-सहा पदर. पदर एकमेकांना शिवून टाकायचे नाहीत, एका कडेला दोन टाके घालायचे, म्हणजे धुताना उलगडता येतं आणि ऊन आतपर्यंत जातं.

मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, "त्यापेक्षा आत तुझा पिंजलेला कापूस भरून दे की. मऊ होईल."

ही म्हणाली, "कापूस विकणं माझा धंदा आहे, पण ह्यात भरू नका. कापूस आतून वाळत नाही. वरून कोरडा वाटतो आणि आत ओल धरतो." मी आयुष्यात गिऱ्हाइकाला माल घेऊ नको म्हणणारी तेवढी एकच बाई पाहिली.

धुण्याचंही सांगते. आधी गार पाणी, कढत मुळीच नाही, कढत पाण्यानं डाग बसतो. मग रिठ्याच्या पाण्यात भिजवून चोळायचं, आणि फेस उरेल तोवर पाणी बदलायचं. रिठा कापडात राहिला तरी अंगाला खाज सुटते. दोन प्रहरांपेक्षा जास्त वेळ एक घडी ठेवायची नाही, मग पुरत असली तरी. कडक झालेली, जाळी पडलेली घडी टाकून द्यायची, जीव लावायचा नाही. कोरड्या सुती पिशवीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवायच्या. आणि वाळवायच्या उन्हात. भर उन्हात, गच्चीवर.

इथे माझं गाडं अडलं. बाकी सगळं दाराआड होत होतं, पण गच्चीवर? दोरीवर? मी म्हटलं, "लोक काय म्हणतील?"

हुस्नबानू म्हणाली, "एक विरलेलं लुगडं वरून पसरा. ऊन त्यातून जातं, लोकांची नजर जात नाही."

तर पौषातल्या त्या दिवशी पहिल्यांदा मी स्वतः गच्चीवर गेले. श्यामलेला जिना चढवत नव्हता. सहा घड्या दोरीवर घातल्या, वरून लुगडं पसरलं, आणि मागे वळले तर शेजारच्या गच्चीवर साक्षात मंदाकिनीकाकू. त्यांनी विचारलं, "द्वारके, काय वाळत घातलंस गं?" मी म्हटलं, "समया पुसायची फडकी." काकू म्हणाल्या, "तुझ्या घरी समया फारच झाल्यात." आणि खाली गेल्या. काकू, आत्ता या सगळ्या मला हसताहेत. पण पुढच्या महिन्यात तुमच्याही गच्चीवर विरलेलं लुगडं पसरलेलं मी पाहिलं होतं, आणि तुमच्या घरी तर दोनच समया आहेत.

माघात श्यामलेचे बारा दिवसांचे सहा झाले. चट्टे सुकले, तापही गेला. फाल्गुनात चौथ्या दिवशी ती न्हाली आणि स्वतःच्या पायांनी चुलीशी येऊन उभी राहिली. होळीच्या पोळ्या तिनं लाटल्या. मी पुरण वाटत होते. मला रडू आलं, मी चुलीच्या धुरावर ढकललं.

त्याच दुपारी घरच्यांना मी म्हटलं, वाईला नकार कळवा. ते म्हणाले, "कारण काय लिहू?" म्हटलं, लिहा की मुलगी गुणी आहे, पण आमच्या घरी जागा रिकामी नाही. श्रीनिवास मोहिमेवरून परतला तेव्हा दारात त्याच्या पायांवर पाणी घालायला श्यामलाच होती. आपल्यामागे काय ठरलं होतं हे त्याला कितीतरी महिन्यांनी कळलं. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि ते योग्यच होतं.

आता ज्यासाठी खरी उभी राहिले ते. या सगळ्याचं श्रेय पेठेनं, श्यामलेला औषध द्यायला बोलावलेल्या वैद्यबुवांच्या काढ्याला दिलं. मी ते देऊ दिलं. वैद्यबुवांना आम्ही शेला पांघरला, आणि हुस्नबानूला नेहमीची पायलीभर ज्वारी. तिनं ती नेहमीसारखीच पदरात घेतली. हुस्नबानू, दोन वर्षं उशिरा सांगते, आणि चारचौघींत सांगते: माझी सून तुझ्यामुळे या घरात आहे. काढा मांजरानं सांडला होता, तो तिनं घेतलासुद्धा नव्हता. ही साडीचोळी घे. ही इरकल आहे, सुती आहे, रेशमाचा एक धागा नाही, मी दुकानात उलटसुलट करून बघितलं. आणि आज माझ्या हातचं पन्हं तू घेशील ते सगळ्यांच्या पंगतीत, सगळ्यांसारख्याच भांड्यातून. नगरला बेगमला सांग, पुण्यात तुझ्या आईचं एक घर आहे.

अजून एक उरलं. श्यामले, इकडे बघ.

ते रेशीम बांधायला दिलं तेव्हा तू मला विचारलं होतंस की हे असं का. मी म्हटलं होतं, आमचा कुळाचार आहे. कुळाचार म्हटल्यावर तू पुढे विचारलं नाहीस, वर्षभर सोसलंस, आणि अजूनही तुला वाटतं की या घराण्यात पूर्वी कोणीतरी ते घालून दिलं. तसं काही नव्हतं. माझ्या सासूबाईंनी मला कायम जुनी धोतरंच दिली. माझे ते दिवस संपले, मग मी नियम काढायला मोकळी झाले, आणि जो मला पाळावा लागणार नव्हता असा नियम मी काढला. ती सोवळ्याची बाई मीच. कुळाचाराचं नाव मी पुढे केलं, कारण माझ्या नावावर तू कदाचित नाही म्हणाली असतीस.

हे बोलून टाकलं, आणि बघा, काही कोसळलं नाही. दोन वर्षं मला वाटत होतं कोसळेल. इतकं हलकं मला गौरीचं विसर्जन करूनही वाटत नाही.

मंदाकिनीकाकूंनी आसन भूषवलं, पद्मजावहिनी ऊन असून आल्या, तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ डाळीचा वास घेत ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी आभारी आहे. बोलण्यात कुठे मर्यादा सुटली असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर ते पोटात घाला, तो तुमचा मोठेपणा.

रेशमाची चूक मात्र या मेळाव्यानं पोटात घालायची नाही, ती घालायची की नाही ते श्यामलेनं ठरवायचं. तिनं आत्ता काही बोलू नये, चारचौघींसमोर सून नाही कशी म्हणेल? घरी, दार लावून, वाटेल तितके दिवस लावावेत. पण श्यामले, उद्या सकाळी माझ्या एखाद्या नियमाला तू सरळ म्हणालीस, "सासूबाई, हे असं का?", तर मी कुळाचाराचं नाव घेणार नाही. खरं कारण सांगेन, आणि ते नसलं तर नियम तिथेच मोडेन.

बस गं, उठू नकोस. पन्हं मी वाढते.