ठकीची सुटका आणि काकांची काळजी

मंडळी, बसा. मागे उभे असलेल्यांनीही बसून घ्या. पुढच्या रांगेत जागा आहे. शोकसभेत पुढची रांग नेहमीच रिकामी असते.

अध्यक्षांनी मला सांगितलंय, दोन शब्द बोल, चांगलं बोल, आणि तुझ्या नेहमीच्या पद्धतीनं बोलू नकोस. मी प्रयत्न करते. पण समोर हार घातलेला शरयूकाकूंचा फोटो आहे. त्यात त्या हसतायत, आणि त्या हसायच्या त्या बहुतेक वेळा माझ्या नेहमीच्या पद्धतीलाच. त्यामुळे अवघड आहे.

काकू लग्न होऊन साताऱ्याहून थेट या टाउनशिपमध्ये आल्या. चाळीस वर्षांहून जास्त भोपाळमध्ये राहिल्या, पण हिंदीला त्यांनी घरात घेतलं नाही. "भैया, भेंडी कोवळी है क्या?" भाजीवाला बिचारा म्हणायचा, "है माताजी, एकदम कोवळी." त्याला मराठी आली, काकूंना हिंदी आली नाही. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. बावीस पायऱ्यांचं अंतर आणि एक सामायिक जिना. एवढ्यावर माणूस जेवढा कळतो, तेवढ्या मला काकू कळल्या.

त्यांची एक मांजर होती. ठकी. आज सगळ्यांना ती आठवत असणार, पण कुणी तिचं नाव काढलेलं नाही. आधीचे तीन वक्ते काकूंच्या लोणच्यावर बोलले. म्हणून ठकीवर मी बोलते.

ठकी म्हातारी होती. बरगड्या दिसायच्या, केस गळायचे, दिवसभर दारापुढच्या ओट्यावर उन्हात पडून असायची. टी. टी. नगरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिची मूत्रपिंडं थकलीत. दूध नाही, मासे नाहीत, शिजवलेलं थोडंथोडं द्या आणि ऊन मिळू द्या. काकू ते करत होत्या. उकडून, कुस्करून, चमच्यानं. नातवंडांचं केलं नसेल इतकं.

पण ते घरात. बाहेरून काय दिसायचं? बरगड्या.

आणि मंडळी, आपल्या वसाहतीला बरगड्या बघवत नाहीत. आपण सगळे कारखान्याची माणसं. निम्म्यांची हयात मेंटेनन्समध्ये गेली. एखादं यंत्र हळू चाललेलं दिसलं की आपले हात शिवशिवतात. बिघडण्याआधीच ते उघडायचं, ही आपली शिकवण. सगळे निवृत्त झालो. उघडायला यंत्र उरलं नाही. ठकी दिसली.

पहिल्यांदा सक्सेना भाभी आल्या. "भाभीजी, इस बेचारी को कोई देखता नहीं क्या?" काकू म्हणाल्या, "देखते हैं. म्हातारी है. म्हाताऱ्यांना कम लगता है." भाभी हसल्या आणि संध्याकाळी वाटीभर दूध ठेवून गेल्या. मग जिन्याच्या पायऱ्यांवर वाट्या दिसायला लागल्या. कुणी मलईचं दूध, कुणी तळलेल्या माशाचं डोकं, कुणी दिवाळीचा उरलेला पेढा. मांजर नाही म्हणत नाही. ठकी खायची आणि रात्रभर ओकायची. काकू पुसायच्या.

पाटणकर साहेबांना मी इथूनच नमस्कार करते. ते एक दिवस स्वतः पाहणीला आले. चष्मा लावून ठकीकडे बराच वेळ बघत राहिले.

"वहिनी, वेळच्या वेळी लक्ष दिलं तर पुढचा ब्रेकडाउन टळतो."

"साहेब, ती मांजर आहे. कॉम्प्रेसर नाही."

"तत्त्व तेच."

काका आतून ओरडले, "अहो साहेब, तुमच्या वर्कशॉपमधला कॉम्प्रेसर कधी धड चालला होता का?" त्यावर साहेब चहा न घेता गेले.

काकूंनी मग ठकीच्या गळ्यात लाल फीत बांधली. ही कुणाची तरी आहे, एवढं कळावं म्हणून. दुसऱ्या दिवशी फीत गायब. कुणीतरी सोडली होती. का? तर म्हणे, बिचारीला काच बसत होता.

आणि मग एक दिवस काका-काकू इंदूरला लग्नाला गेले. परत आले तर ओटा रिकामा. जिन्यात अभिनंदनाचं वातावरण. ठकीची सुटका झाली होती! आपल्यापैकी चौघांनी तिला फळांच्या खोक्यात घालून, वर जाळी बांधून, कोलार रोडच्या पलीकडे प्राण्यांच्या एका आश्रयस्थानात नेऊन ठेवलं होतं. स्वतःच्या गाडीतून. स्वतःच्या पेट्रोलवर. मनात वाईट एका माणसाच्याही नव्हतं. मी आजही शपथेवर सांगेन, नव्हतं. मला भीती वाटते ती त्याचीच.

काका-काकू त्याच पावली रिक्षा करून तिकडे गेले. तिथल्या माणसानं सांगितलं, नवी मांजर होती ना, म्हातारी? तिनं तोंडच लावलं नाही कशाला. गेली.

काकू भांडल्या नाहीत. मी वाट बघत होते, भांडतील म्हणून. सक्सेना भाभी रडत आल्या, तर काकूंनी त्यांनाच पाणी दिलं. त्या गेल्यावर मला म्हणाल्या, "चांगली माणसं आहेत गं सगळी. दार लावून घेत जा."

काकू ठकीच्या दुःखानं गेल्या असं मी म्हणत नाही. हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. झोपेत गेल्या. कुणालाही हेवा वाटावा असं मरण. त्यावर मला बोलायचं नाहीये. मला बोलायचंय गेल्या काही दिवसांत जिन्यात जे ऐकू येतंय, त्यावर.

"किती वाळलेत हो." हे मी ऐकलं. "दिवसभर बाहेरच बसलेले असतात." हेही ऐकलं. "कुणी बघणारं नाही बिचाऱ्यांना." हे तर मी याच हॉलच्या दारात ऐकलं, चपला काढताना. हे ठकीबद्दल नव्हतं, मंडळी. ठकी कधीच गेली. हे मनोहरकाकांबद्दल होतं. ते इथे बसलेत, फोटोच्या बाजूला, पांढऱ्या सदऱ्यात.

काका ब्याऐंशीचे आहेत. वाळलेलेच आहेत, मी त्यांना कधी जाड पाहिलेलं नाही. ओट्यावर बसतात, कारण तिथे ऊन येतं. दाढी वाढलीये, कारण बायको गेलीये. यात बिघाड कुठला?

पण डबे सुरू झाले. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात पाठवायचा, ही आपली रीत आहे, चांगली रीत आहे. पण मधुमेहाच्या माणसाला शिरा कुणी पाठवला? बासुंदी कुणी पाठवली? काका नाही म्हणत नाहीत. मग परवा कुणीतरी त्यांच्या गॅसचा रेग्युलेटर काढून नेला. त्यांच्याच सुरक्षिततेसाठी. काल काका माझ्याकडे वर आले, जिना चढून, धापा टाकत. म्हणाले, "मला चहा करायचाय. माझ्या घरात मला चहा करता येत नाहीये."

आणि काल रात्री पुण्याहून नीताचा, त्यांच्या मुलीचा, मला फोन आला. रडत होती. तिला इथून पाच जणांनी फोन केले. बाबांचं खरं नाही, म्हणाले. कोलार रोडच्या पुढे ज्येष्ठांसाठी फार छान जागा आहे, खिडकीतून टेकडी दिसते, म्हणाले. आम्ही बोलून ठेवलंय, गाडीही ठरवलीये, तू फक्त हो म्हण. तिनं मला विचारलं, "ताई, बाबा काय म्हणतात?"

पाच फोनांत हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? काकांना विचारलंय कुणी?

मी विचारलं. काका म्हणाले, "इथेच." एवढंच म्हणाले. ते मी नीताला कळवलंय, आणि आता तुमच्या सगळ्यांच्या समोर कळवते आहे, माइकवरून, म्हणजे नंतर कुणाला ऐकू आलं नाही असं व्हायला नको. नीता हो म्हणालेली नाही. पण ती लांब आहे आणि घाबरलेली आहे, आणि तुमचे फोन चालू आहेत.

बरं. अध्यक्ष घड्याळ दाखवतायत.

काकू, तुम्हाला माझा नमस्कार. भांडला नाहीत, म्हणून आज मी थोडं भांडले.

आता आपण श्रद्धांजलीसाठी उभं राहू. थांबा, एक मिनिट. काकांच्या खुर्चीमागे दोघं जण आत्ताच येऊन उभे राहिलेत. हात पुढे केलेत. काका अजून हललेसुद्धा नाहीत. कृपा करून मागे व्हा. दोघांनीही. पाटणकर साहेब, तुम्हीसुद्धा.

ते स्वतः उठतील. वेळ लागेल. लागू दे. ते उभे राहिले की आपलं मौन सुरू होईल. तोवर कुणी त्यांना हात लावायचा नाही.