बमरोलीचे थांबलेले टपाल

सुशीलावहिनी, आमचे शेठ रमणिकभाई, आणि आखाजीचा सण अर्धा टाकून गावाहून डिंडोलीला परतलेले दिलीपचे शेजारी,

मला बोलायला सांगितले आहे. सभांमध्ये मी पुष्कळ बोलले आहे. आज वाक्ये जुळतात, पण त्यांच्यामागे काहीच जाणवत नाही. तेव्हा मला नीट माहीत आहे तेवढेच सांगते. दिलीपचे काम.

परवा सकाळी हृदयविकाराने गेलेला दिलीप आमच्या कंपनीचा मेल सर्व्हर सांभाळत होता. कापड गिरण्यांची संगणकावरची पत्रे त्या यंत्रातून जातात. बमरोलीच्या गिरणीचा सर्व्हर स्वतःचा आहे. तो बंद असला की त्यांची पत्रे आमच्याकडे थांबतात. सुरू झाला की आम्ही ती पोचवतो. इतकेच. आणि इतकेच बहुतेकांना नीट करता येत नाही.

दिलीपच्या आधीच्या माणसाने गिरणीचे नाव आमच्या स्वतःच्या नावांत घातले होते. यंत्र मग गिरणीच्या माणसांना आमच्याच घरात शोधी, आणि सापडले नाहीत की पत्र परत पाठवी. असा कोणी नाही, म्हणून. मी त्या माणसाला मूर्ख म्हटले. दिलीप हसला.

“मॅडम, पाहुण्याची पिशवी ठेवून घेतली म्हणून पाहुण्याला आपल्या रेशनकार्डावर चढवायचं नसतं.”

त्याने ते नाव तिथून काढले आणि ज्यांची पत्रे फक्त पुढे पाठवायची, त्यांच्यात घातले. मी तपासले. एक अक्षर बदलावे लागले नाही. असे मला सहसा म्हणता येत नाही.

रमणिकभाई, तुम्ही त्याला म्हणाला होतात, “बधाने माटे खोली नाखो ने, दिलीपभाई.” सगळ्यांसाठीच उघडून टाक, कोणाचीही पत्रे आपल्या यंत्रातून जाऊ दे. तो म्हणाला, “शेठ, मग दुनियेचा कचरा आपल्या दारातून जाणार, आणि शिव्या तुमच्या नावानं.” दार उघडले गेले नाही.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला खानदेशची माणसे गावी जातात, माग थांबतात, बमरोलीच्या कार्यालयालाही कुलूप लागते. यंत्राला ते कळत नाही. ठरलेली मुदत संपली की ते पत्र परत करते. कोणत्या पुस्तकात आखाजी लिहिली आहे? दिलीप मुदत वाढवत असे. दरवर्षी. याही वर्षी. यंत्रातली जागा पुरते की नाही हे पाहायला तो मागे राहिला. गावी गेला नाही.

रमणिकभाई, काल तुम्ही विचारलेत, जागा भरत आली आहे, ही पत्रे परत पाठवून मोकळे होऊ या का? त्याचे उत्तर आज सर्वांसमोर देते. नाही. जागा हवी असेल तर माझे काहीही पुसा. दिलीपने थांबवलेले एकही पत्र परत जाणार नाही.

वहिनी, सोमवारी गिरणी उघडेल. पत्रे पोचली की तिथले पाटीलकाका फोन करतात आणि दिलीपलाच मागतात. “सगळं उनं रे भाऊ,” सगळे आले, एवढेच सांगतात. या वेळी तो फोन मी घेईन. त्यांना अजून कोणी कळवलेले नाही. आधी त्यांचे बोलून होऊ देईन. मग सांगेन.

आता आपण उभे राहू.

दिलीप, नमस्कार.