फादरचा गिअर

...अहो, स्टँडवर एकदम चोख चालते, हेच तर दुखणं आहे ना! सायकल स्टँडला टांगा, हाताने पॅडल फिरवा, गिअर वर घ्या, खाली घ्या... सुर्रर्र! लोणी! आणि तीच सायकल रस्त्यावर आणा, जरा चढ लागू दे, मी जरा जोर दिला, की खट्ट! चेन उडी मारते, पाय हवेत, छाती हँडलवर. एकोणसत्तर वर्षांचा आहे मी, तुम्हाला सांगतो, या वयात असे दणके कोणाला सोसतात?

एरवी म्हटलं असतं, मरू दे. पण सप्टेंबरचा पहिला रविवार आला ना तोंडावर! त्या दिवशी आमच्याकडे डोंगरावरच्या मारियामातेच्या देवळात सायकलींना आशीर्वाद देतात आणि सगळा क्लब सायकल मारत वर जातो. चौदा वळणं. त्यातलं नववं... नववं म्हणजे भिंत आहे हो, भिंत! आणि तिथल्या हौदाजवळ गावातली सगळी रिकामटेकडी मंडळी पांढऱ्या वाइनचे पेले घेऊन कठड्यावर बसतात. कशाला? तर कोणाचा पाय जमिनीला लागतो ते बघायला! ज्याचा लागला, त्याने दुसऱ्या दिवसापासून क्लबची व्हॅन चालवायची. केळी, सलामीचे म्हणजे खारवलेल्या मांसाचे काप घातलेले पाव, जादाची चाकं, लोकांची जाकिटं, सगळं भरून सायकलवाल्यांच्या मागनं पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत यायचं. आणि तुम्हाला सांगतो, त्या व्हॅनमधून आजवर एकही माणूस परत सायकलवर आलेला नाही.

सध्या व्हॅनवर माझा मेव्हणा आहे, सिल्वानो. तीन वर्षं झाली, कंटाळलाय, वारस शोधतोय. रोज सकाळी बारमध्ये कॉफी ढवळता ढवळता माझ्या कानाशी किल्ल्या वाजवतो. "काय दाजी, क्लच जरा जड आहे हं, पण होईल सवय."

म्हणून गेलो अदेल्मोकडे. अख्ख्या गावाच्या सायकली त्याच्याच हाताखालून जातात, मार्चमध्ये नवी चेनही त्यानेच घातली होती. माणूस असा, की एक वाक्य बोलायला घेतलं तर तेवढ्यात तुमची कॉफी पिऊन होते. सायकल टांगली. फिरवली. कान लावला. "स्टँडवर... चोख आहे... ओत्तोरिनो." अरे, पण मी स्टँडवर राहतो का? मला डोंगरावर जायचंय! मग त्याने एक बारीक स्क्रू पाव वेढा फिरवला. घरी येईपर्यंत खट्ट! परत गेलो. वायर ताणली. खट्ट! परत गेलो. वायरच बदलली. "स्टँडवर..." बोलू नकोस, अदेल्मो! पुढचं मला पाठ आहे!

आणि सल्ले? एक म्हणतो तेल कमी पडतंय, दुसरा म्हणतो तेल जास्त झालंय, आमची लोरेदाना भांडी विसळता विसळता म्हणते, "तूच काहीतरी चुकीचं दाबत असशील, वॉशिंग मशीनचं नाही का करत?" बेचाळीस वर्षांचा संसार! आणि सिल्वानो तर... "गिअर कसले उडतायत दाजी, गुडघे उडतायत!" सगळा बार हसला. मला लागलं हो ते. तडक गेलो क्लबला दर वर्षी द्यावा लागणारा तब्येतीचा दाखला आणायला. डॉक्टर झानेल्लाबाईंनी छातीला तारा चिकटवल्या, त्या जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर बसवलं, दहा मिनिटं दामटवलं, आणि कागद बघून म्हणाल्या, "ओत्तोरिनो, हृदय एकदम चोख!" तो कागद सिल्वानोच्या कॉफीच्या कपाखाली सरकवला. बघ म्हटलं! दोष सायकलचाच आहे.

शेवटी शुक्रवारी डोकं फिरलं. अदेल्मोला म्हटलं, टांगू नकोस, बस! तू बस हिच्यावर! अहो, एकशेदहा किलोचा माणूस, गेली वीस वर्षं फक्त दुसऱ्यांच्या सायकलींची चाकं फिरवतोय. मीच ढकलून बसवला. देवळामागचा तेवढासा चढ... चार पॅडलं मारली, पाचव्याला खट्ट! आणि वरून अशी एक शिवी आली, की फादर एर्मेस खिडकीतून डोकावले. मी? मी टाळ्या वाजवल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा दुसऱ्या कोणाला तरी ऐकू आलं हो!

सायकल ढकलत आला. घाम पुसला. बॅटरी घेऊन मागच्या चाकाशी बसला. "चकत्या... दहा. आठ धड आहेत. नवव्या चकतीचे दात झिजून आकडे झालेत. नवी चेन तिच्यावर बसतच नाही, जोर दिला की सुटते. तू सगळे चढ... या एकाच चकतीवर चढलास का रे?" आणि मग बोट पुढे सरकलं. "आणि ही दहावी, सगळ्यात मोठी... हिच्यावर अजून दुकानातलं ग्रीस आहे, ओत्तोरिनो. तेरा वर्षं!"

आता काय सांगू? चकती जितकी मोठी तितकं पॅडल हलकं, म्हणून त्या सगळ्यात मोठ्या चकतीला आमच्याकडे फादरचा गिअर म्हणतात. फादर एर्मेस झगा खोचून त्याच्यावर चढतात ना... पाय भिंगरी, सायकल गोगलगाय. दुसरा कोणी लावला तर कठड्यावरची मंडळी घंटेचा आवाज काढतात. डिंग... डाँग! पण माझं तेवढंच नव्हतं. माझे बाबा सांगायचे, एक गिअर कायम शिल्लक ठेव. लावायचा नाही. शिल्लक आहे एवढं माहीत असलं की पाय आपोआप चालतात. मी ते आयुष्यभर पाळलं. दम लागला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी म्हणायचो, अजून एक आहे!

"नवा सेट... पंधरा दिवसांनी येईल," अदेल्मो म्हणाला. "रविवारी... मोठीवर जा."

गेलो. दुसरं काय करणार? नववं वळण आलं. कठड्यावर सगळे हजर, मध्ये सिल्वानो, व्हॅन आधीच पुढे आणून लावलेली, हातात किल्ल्या. खाली नवव्या चकतीने दोनदा दणका दिलेला... आणि दाबला फादरचा गिअर. तेरा वर्षांत पहिल्यांदा. वाटलं, आता घंटा वाजणार. सुर्रर्र! लोणी! भर चढावर! पाय भिंगरीसारखे फिरायला लागले आणि मी वळलो की हो! पाय काही लागला नाही. पण घंटा कोणीच वाजवली नाही. टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यांसाठी वाजवतात ना, हळू आवाजात, तशा. शेजारून फादर एर्मेस म्हणतात, "या काका, या!" अहो, त्यापेक्षा डिंग डाँग परवडलं असतं!

आणि दहाव्या वळणाला परत दम लागला. सवयीने बोट गेलं, अजून एक आहे म्हणून. दाबलं. काहीच नाही. परत दाबलं. खरं सांगतो, तिथे मी घाबरलो. खट्ट झालं तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो.

पोचलो वर. सायकलवर पवित्र पाणी पडलं, माझ्या चष्म्यावरही पडलं. सिल्वानोने किल्ल्या खिशात घातल्या. लोरेदाना गाडीने आली होती, माझ्याकडे बघून म्हणते, "आता तोंड पाडून का बसलायस? पाय लागला नाही, गिअर चालतोय, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्याच आहेत ना, हृदय एकदम चोख आहे म्हणून?"

अगं बाई... स्टँडवर!