शेतात गेला की आऊट

इथल्या स्पर्धा सोडून पोरांनी परदेशात खेळावं का, यावर तुम्ही खुशाल भांडा. आमच्या कान्हे गावात तो वाद मिटलाय.

आमचा संदीप जिल्ह्याची स्पर्धा सोडून इंग्लंडच्या एका क्लबकडून खेळायला निघाला, तेव्हा त्याच्या वडिलांनी, आबांनी, बोलणंच टाकलं. तो पाया पडला तर एवढंच म्हणाले, "आता कुटं गाव ध्यानात ऱ्हायचं." त्याला जा म्हणणारा मी, म्हणून माझ्याशीही अबोला.

पहिली मॅच झाल्यावर संदीपचा फोन आला. मी मुद्दाम आबांच्या ओट्यावर जाऊन स्पीकर लावला.

"किती धावा केल्यास?" मी विचारलं.

"ते राहू दे. पहिलाच बॉल उचलला, तो कुंपणापलीकडच्या शेतात गेला. मी बॅट काखेत मारली आणि निघालो बाहेर. अंपायर मागनं हाका मारतोय. सिक्स होती रे."

आमच्या मैदानाला लागून आबांचा हरभरा असतो. बॉल शोधायला गेलेली पोरं तिथंच घाटे खात बसायची, म्हणून आबांनीच नियम घातला होता, शेतात गेला की आऊट. संदीप त्याच नियमावर वाढला.

आबांनी आत वळून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

फोन जवळ ओढून म्हणाले, "तितं बिनघोर मार. ते शेत आपलं न्हाई."